एका स्पर्धेची तीन गावे

आपल्याकडे जत्रा म्हटली की तिला गाव असते. चैत्रात सासनकाठ्या चढतात त्या जोतिबाच्याच डोंगरावर, आणि सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी उतरते ती जेजुरीचाच गड. दैवत जागचे हलत नाही. माणसांनी त्याच्याकडे जावयाचे, अशी ही रीत. जुन्या नाटक मंडळ्यांची रीत अगदी उलटी होती. पडदे, पेट्या, दाढ्यामिशा आणि स्वतःचा आचारी घेऊन मंडळी आज मिरजेला, तर पुढच्या महिन्यात हुबळीला. जिथे थिएटर मिळेल आणि जिथे कोणी हौशी सावकार पाठीशी उभा राहील, ते त्यांचे गाव. सावकाराचा हात आखडला की पेट्या पुन्हा गाडीत.

टेनिसची एक स्पर्धा मी अशी पाहिली, की जी दिसावयाला जत्रेसारखी आणि वागावयाला नाटक मंडळीसारखी होती. १९९६ साली ती दिल्लीत जन्मली. दुसऱ्याच वर्षी चेन्नईला गेली आणि तिथे एकवीस वर्षे राहिली. २०१८ साली ती आमच्या पुण्याला आली, बालेवाडीत तिने पाच मुक्काम केले, आणि २०२३ नंतर समुद्र ओलांडून हाँगकाँगला गेली. मधल्या २०२१ साली महामारीमुळे खंड पडला. तो वजा केला तर भारतात तिचे सत्तावीस प्रयोग झाले. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची जी जागतिक मालिका आहे, तिच्यात भारताचे नाव टिकवून धरणारी हीच एक स्पर्धा होती. तिची गावे पाहिली, तेव्हा एक प्रश्न मनात घर करून बसला. असा पाहुणा निघून गेला म्हणजे यजमानाच्या घरात मागे काय उरते?

उत्तर शोधावयाचे तर आधी पाहुण्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. व्यावसायिक टेनिसपटूंची संघटना १९७२ साली स्थापन झाली आणि १९९० पासून पुरुषांची जागतिक मालिका तीच चालवू लागली. या मालिकेत स्पर्धांच्या पायऱ्या आहेत. विजेत्याला किती गुण मिळतात, त्यावरून पायरीचे नाव: हजाराची, पाचशेची, अडीचशेची. विम्बल्डनसारख्या चार महास्पर्धा या सर्वांच्या वर. तिथे दोन हजार गुण. आपली स्पर्धा अडीचशेची, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरची. परंतु खालची पायरी असली तरी ती त्याच जिन्याची होती, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट अशी, की या जगात गावापेक्षा आठवड्याला मोल अधिक. पंचांगातला अमुक आठवडा अमुक स्पर्धेचा, असा परवाना असतो आणि त्या परवान्याला मालक असतो. गाव म्हणजे नुसते भाड्याचे घर. भाडे परवडेनासे झाले की मालक परवाना खिशात घालून दुसऱ्या गावी जातो. आपल्या स्पर्धेकडे बरीच वर्षे जो आठवडा होता, तो मोठा नामी होता. जानेवारीचा पहिला आठवडा! महिन्याच्या मध्यावर मेलबर्नला ऑस्ट्रेलियन स्पर्धा सुरू होते. युरोपातून तिकडे निघालेल्या खेळाडूला वाटेत हात मोकळे करण्यासाठी एखादे ठिकाण हवे असते. भारत त्या वाटेवरचे विश्रांतिस्थान होता. विश्रांतिस्थानी राजेमहाराजेही उतरतात, आणि नव्याने घराबाहेर पडलेले होतकरूही.

फिरस्तेपणा तर या घराण्याच्या रक्तातच होता. त्याआधी, १९७३ ते १९७९ या काळात, भारतात ग्राँप्री मालिकेतली एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे. तीही एका गावी राहिली नाही. १९७३ साली ती दिल्लीत झाली आणि विजय अमृतराजने जिंकली. १९७८ साली कलकत्त्यात झाली आणि यानिक नोआ या कोवळ्या फ्रेंच खेळाडूने जिंकली. पुढे १९८३ साली पॅरिसची महास्पर्धा जिंकणारा नोआ तो हाच. त्यानंतर मोठा खंड पडला. १९९६च्या एप्रिलमध्ये दिल्लीला पुन्हा डाव मांडला गेला. स्वीडनच्या थॉमस एनक्विस्टने झिंबाब्वेच्या बायरन ब्लॅकला हरवून पहिले विजेतेपद मिळवले. दिल्लीच्या वाट्याला तेवढे एकच वर्ष आले.

चेन्नईचे घर मी पाहिले ते २०१९च्या डिसेंबरात, म्हणजे पाहुणा निघून गेल्यावर. एका परिसंवादासाठी तिकडे गेलो होतो. एक दुपार मोकळी मिळाली, तेव्हा नुंगमबाक्कमला गेलो. या भागात पूर्वी मोठे तळे होते. तळे बुजले, त्यावर वस्ती उभी राहिली, आणि आता 'लेक एरिया' एवढे नाव तेवढे उरले आहे. पाण्याचा थेंब नाही, पण पत्त्यात तळे आहे! आपल्या पुण्यात जसे बागा नाहीशा होऊन पेठांच्या बोळांना त्यांची नावे राहतात, तसेच हे.

त्याच बुजलेल्या तळ्याच्या जागी वळ्ळुवर कोट्टम आहे. तिरुवळ्ळुवर या प्राचीन तमिळ कवीचे हे स्मारक १९७६ साली उभारले गेले. तिरुवारूरच्या देवळाच्या रथासारखा घडवलेला, शंभर फुटांहून उंच असा दगडी रथ, आणि सभागृहाच्या दगडी खांबांवर कवीच्या सर्वच्या सर्व १३३० द्विपदी कोरलेल्या. भाषेवर माणसांनी असे प्रेम केलेले पाहिले की मराठी शिकवणाऱ्याला थोडा हेवा वाटतो. तिथून थोड्याच अंतरावर टेनिसचे स्टेडियम. १९९५ साली मद्रासला दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यासाठी ते बांधले गेले. त्या दुपारी फाटकातून आत डोकावलो, तर मधल्या कोर्टावर कोणीच नव्हते. बाजूच्या कोर्टावर पाचसात मुले सर्व्हिसचा सराव करीत होती. एक चेंडू जाळीत, एक बाहेर, एक बरोबर कोपऱ्यात.

बाहेर एका टपरीवर कॉफी घेतली. पितळी डबऱ्यातून पेल्यात उंच धार धरून ती थंड करीत कॉफीवाला तुटक्या हिंदीत सांगू लागला. पूर्वी नव्या वर्षाचा पहिला आठवडा म्हणजे त्याचा सणाचा आठवडा असे. रात्री उशिरापर्यंत चूल विझत नसे. "आता?" मी विचारले. त्याने पेला माझ्या हातात दिला आणि खांदे उडवले.

ही स्पर्धा चेन्नईत एकवीस वर्षे रुजली, याला कारण होते. टेनिस या शहराच्या अंगवळणी पडलेले होते. रामनाथन कृष्णन हा मद्रासचा. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे तो विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळला. त्याचा मुलगा रमेश आणि अमृतराज बंधू इथलेच. कलकत्त्याचा लिएंडर पेस लहानपणी टेनिस शिकावयाला आला तो मद्रासच्याच अकादमीत. त्यामुळे इथला प्रेक्षक टाळी कुठे वाजवावी आणि कुठे श्वास रोखावा, हे जाणणारा होता.

अशा प्रेक्षकांपुढे १९९७ साली लिएंडर पेस आणि महेश भूपती या जोडीने आपले पहिले मोठे विजेतेपद मिळवले. मी तेव्हा विद्यार्थी होतो. त्या दिवसांत ही दोन नावे घरोघर जोडूनच घेतली जात; एकाचे नाव काढले की दुसरे आपोआप तोंडात येई. छाती छातीवर आपटून आनंद व्यक्त करण्याची त्यांची ती तऱ्हा गल्लीतल्या पोरांनीही उचलली होती. १९९८ आणि १९९९ सालीही चेन्नईचे दुहेरी विजेतेपद त्यांचेच. त्यानंतर त्यांच्यात बेबनाव झाला, समेट झाला, पुन्हा वाटा फुटल्या. पण २००२ साली आणि मग थेट २०११ साली ते दोघे याच कोर्टावर पुन्हा एकत्र जिंकले. भाऊबंदकीचे खटले आपल्याला नवे नाहीत. परंतु कुलदैवताच्या उत्सवाला दोघे भाऊ एका पंगतीला बसावेत, तसे काहीसे चेन्नईने या दोघांच्या बाबतीत केले.

एकेरीत मात्र पाहुण्यांचेच राज्य होते. १९९८ साली पॅट्रिक राफ्टर आला, तो आदल्या वर्षीचा अमेरिकन विजेता म्हणून, आणि जिंकून गेला. शेजारच्या थायलंडचा पॅराडोर्न श्रीचाफन २००२ ते २००५ अशी सलग चार वर्षे अंतिम फेरीत पोहोचला. त्यांपैकी फक्त २००३ साली जिंकला, आणि तरीही लोकांचा लाडका राहिला. २००५ची स्पर्धा मोठ्या दुःखाच्या सावटात झाली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, आणि जेमतेम आठवड्याभराने सामने सुरू झाले. स्पेनच्या कार्लोस मोयाने ती स्पर्धा जिंकली आणि बक्षिसाची रक्कम त्सुनामीग्रस्तांना देऊन टाकली. चेन्नईकरांनी या माणसाला पुढे कधी परका मानले नाही, यात नवल ते काय?

याच मोयाचा २००८ सालचा उपांत्य सामना या स्पर्धेच्या इतिहासात अमर झाला. समोर होता राफाएल नडाल. दोघेही मायोर्का या एकाच बेटावरचे. मोया एकतीस वर्षांचा, नडाल एकवीसचा. थोरल्या चुलतभावाने धाकट्याला अंगणात खेळावयास घ्यावे, असे त्यांचे नाते. तीन सेट झाले आणि तिन्ही टायब्रेकवर गेले. पहिला मोयाने घेतला, पुढचे दोन नडालने. तीन तास चौपन्न मिनिटे! नडाल जिंकला खरा, पण दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात त्याचे पाय उचलेनात. रशियाच्या मिखाइल यूझ्नीने त्याला ६-०, ६-१ असे सहज हरवले. महाभारतातल्या युद्धासारखा हा प्रकार: विजय मिळाला, पण उपभोगावयास बळ उरले नाही. पुढे २०१६च्या अखेरीस हाच मोया नडालचा प्रशिक्षक झाला.

भारतीय माणसाच्या आशेला पालवी फुटली ती २००९ साली. सोमदेव देववर्मन हा तेवीस वर्षांचा तरुण. त्याचे मानांकन मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळण्याइतके नव्हते; यजमानांच्या हाती जी थोडी 'वाइल्ड कार्डे' असतात, त्यांपैकी एकावर तो आत आला. आणि त्याने दोन वेळच्या विजेत्या मोयाला हरवले. मग इव्हो कार्लोविच या सात फुटांजवळ पोहोचणाऱ्या धिप्पाड क्रोएशियन खेळाडूला हरवले. उपांत्य फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याने दुखापतीमुळे माघार घेतली, आणि भारतीय खेळाडू या स्पर्धेच्या एकेरीच्या अंतिम फेरीत पहिल्यांदा उभा राहिला. मारिन चिलिचने त्याला ६-४, ७-६ असे हरवले. सत्तावीस स्पर्धांत एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला भारतीय तो एकटाच. त्याच्या आधी कोणी नाही, त्याच्यानंतरही कोणी नाही.

चेन्नईच्या अखेरच्या वर्षांवर स्वित्झर्लंडच्या स्टॅन वॉवरिंकाची मुद्रा आहे. २०११, २०१४, २०१५ आणि २०१६ अशी चार विजेतेपदे त्याने मिळवली. २०१४ साली चेन्नईचा चषक घेऊन तो मेलबर्नला गेला आणि तीन आठवड्यांत ऑस्ट्रेलियन महास्पर्धेचा विजेता झाला. विश्रांतिस्थान म्हणालो ते यासाठी. २०१७ साली चेन्नईत शेवटचा प्रयोग झाला. बॉटिस्टा अगुट जिंकला. हरला तो दानिल मेदवेदेव नावाचा वीस वर्षांचा एक किडकिडीत रशियन मुलगा. मालिकेतली त्याची ती पहिलीच अंतिम फेरी. पुढे २०२१ साली तो अमेरिकन महास्पर्धेचा विजेता झाला आणि २०२२ साली जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू.

आता स्पर्धा हलली कशी, ते पाहू. तिच्या नावांची नुसती यादी वाचली तरी अर्धा इतिहास कळतो. चेन्नईत आली तेव्हा ती एका सिगारेटच्या नावाने ओळखली जाई. ज्या खेळात फुप्फुसांची कसोटी लागते, त्याला सिगारेटने आश्रय द्यावा, हा विनोद तेव्हा कोणाला खटकत नसे. तंबाखूच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा २००३ साली झाला. त्याआधीच, २००२ साली, टाटांचे नाव आले. मग काही वर्षे शहराचे, आणि २०१० पासून एका मोबाईल कंपनीचे. २०१७ नंतर तोही आधार राहिला नाही. परवाना एका परदेशी क्रीडाव्यवस्थापन कंपनीकडे होता. तिने नवे घर शोधले, आणि महाराष्ट्र सरकार व राज्याची टेनिस संघटना यांच्याशी पाच वर्षांचा करार झाला. नाव ठरले 'टाटा ओपन महाराष्ट्र'.

चेन्नईकरांना हे फार लागले असणार. परंतु या धंद्यात सर्वांचीच पाने गळतात. मुंबईला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात २००६ आणि २००७ साली अशीच एक स्पर्धा भरली. पहिल्या वर्षी दिमित्री तुर्सुनोव जिंकला, दुसऱ्या वर्षी रिशार गास्के. २००८ साठी ती बंगलोरला नेण्याचे ठरले आणि सुरक्षिततेच्या कारणावरून ती झालीच नाही. दोन वर्षांत एक स्पर्धा आली काय, गेली काय! त्या मानाने चेन्नईची एकवीस वर्षे म्हणजे सुखाचा संसारच.

बालेवाडी ही आमच्या पुण्याची पश्चिमेकडची वेस. माझ्या लहानपणी तिकडे मुद्दाम जाण्याचे कारण नसे. एका अंगाला मुळा नदी, एका अंगाला बाणेरची टेकडी आणि मध्ये शेते. १९९४ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले आणि बालेवाडी हे नाव वर्तमानपत्रांत छापले जाऊ लागले. मग महामार्ग, मग हिंजवडीची संगणकनगरी, मग पंधरापंधरा मजल्यांच्या इमारती. आज संकुलाच्या गच्चीवर उभे राहिले तर टेकडी शोधावी लागते. २०१७च्या फेब्रुवारीत इथे न्यूझीलंडविरुद्ध डेव्हिस चषकाची लढत झाली, तेव्हाच आम्ही पुणेकर या कोर्टांची वाट शिकलो होतो. पुढच्या जानेवारीत पाहुणा आपणहून दारी आला.

चेन्नईचा खेळ समुद्रसपाटीवर, दमट हवेत. घामाने रॅकेटची मूठ निसटावी असा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. हवा कोरडी आणि किंचित विरळ, त्यामुळे चेंडू अंमळ लवकर सुटतो. जोरकस सर्व्हिस करणाऱ्याला हे गाव मानवते. प्रेक्षकांचे म्हणाल, तर आम्ही संध्याकाळी स्वेटर आणि कानटोप्या घालून जात असू. थर्मास फाटकावर अडवला, म्हणून द्वारपालाशी नियमांवर वाद घालणारे आजोबाही मी पाहिले. अखेर नियम जिंकला आणि आजोबांनी तिथेच उभे राहून सगळा चहा संपवला. आत गेल्यावर मात्र पंचाने शांतता मागितली की आमचे लोक सवाई गंधर्व महोत्सवात बसल्यासारखे बसत.

२०१८ साली फ्रान्सच्या जिल सिमाँने दक्षिण आफ्रिकेच्या केविन अँडरसनला अंतिम फेरीत हरवले. २०१९ साली अँडरसन पुन्हा आला, आणि समोर कोण, तर तोच इव्हो कार्लोविच, आता एकोणचाळीस वर्षांचा. अँडरसन सहा फूट आठ इंच, कार्लोविच सहा फूट अकरा. दोघांच्या सर्व्हिस जणू दुसऱ्या मजल्यावरून येत होत्या. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि शेवटी अँडरसन जिंकला. केन रोझवॉलने १९७७ साली हाँगकाँगला विजेतेपद मिळवले, त्यानंतर इतक्या वयाचा खेळाडू अशा अंतिम फेरीत कधी आला नव्हता.

त्या वर्षी आमच्या शेजारची नववीतली मुलगी कोर्टावर चेंडू गोळा करणाऱ्या मुलांत होती. दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली.

"काय गं, काय शिकलीस?" मी विचारले.

"काका, आधी मान दुखली ते सांगू का?" ती हसून म्हणाली. "केवढे उंच ते! पण काका, चेंडू द्यायचा म्हणजे नुसता फेकायचा नसतो. हात वर करून दाखवायचा, मग एकच टप्पा, आणि बरोबर त्याच्या हातात. खेळाडू सर्व्हिस करत असला तर पापणीसुद्धा हलवायची नाही. त्याला आपण दिसताच कामा नये."

आपण दिसता कामा नये! एवढ्या मोठ्या तमाशात चौदा वर्षांच्या मुलीने हा धडा उचलला. आज ती अभियांत्रिकी शिकते आणि रविवारी सकाळी वस्तीतल्या लहान मुलांना टेनिस शिकवावयास जाते. तिच्या हाताखालची मुलेही चेंडू देताना आधी हात वर करतात.

पाहुण्याचे पाऊल मात्र इथे स्थिरावले नाही. २०२० साली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जागतिक मालिकेत देशादेशांची नवी सांघिक स्पर्धा घातली गेली, आणि आमची तारीख फेब्रुवारीत ढकलली गेली. मेलबर्नच्या वाटेवरचे गाव वाटेवरचे राहिले नाही. मेलबर्न संपवून युरोपकडे परतणाऱ्याने इकडे वाकडी वाट का करावी? त्या वर्षी चेक प्रजासत्ताकाचा यिरी वेसेली जिंकला. २०२१ साली महामारी. २०२२ साली पुन्हा फेब्रुवारीच्या सुमारास स्पर्धा झाली. पोर्तुगालच्या जुआँव सूझाने फिनलंडच्या एमिल रूसुवुओरीला हरवले. २०२३ साली जानेवारी परत मिळाला. नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पूर आपल्या आयुष्यातले असे पहिलेच विजेतेपद घेऊन गेला. त्याच वर्षी मानस धामणे हा पुण्याचा पंधरा वर्षांचा मुलगा वाइल्ड कार्डवर मुख्य फेरीत उतरला आणि अमेरिकेच्या मायकेल म्मोहकडून ६-२, ६-४ असा हरला. सोबत खेळणारी मुले शाळेच्या सहलीला जात असतील, त्या वयात त्याने जगाच्या रांगेतला माणूस जाळीपलीकडे पाहिला.

पाच वर्षांचा करार संपला आणि पाहुणा निघाला. २०२४च्या जानेवारीत तोच आठवडा हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये साजरा झाला. आंद्रे रुब्लेव्ह जिंकला. हरणारा पुन्हा रूसुवुओरीच. बिचाऱ्याने स्पर्धेबरोबर गाव बदलले, पण नशीब बदलले नाही.

आता जमाखर्च मांडू. सत्तावीस स्पर्धांत एकेरीचे विजेतेपद एकाही भारतीयाला मिळाले नाही. दुहेरीत मात्र नऊ वेळा विजेत्या जोडीत भारतीय होता: पेस आणि भूपती पाच वेळा, पेस आणखी एकदा सर्बियाच्या टिप्सारेविचबरोबर, आणि रोहन बोपण्णा तीन वेळा, तीन वेगवेगळ्या भारतीय जोडीदारांबरोबर. या आकड्यांत आपला स्वभाव दिसतो, असे कोणी म्हणेल. मला त्यात आपला हिशेब दिसतो. एकेरीचा खेळाडू घडवावयाचा तर दहाबारा वर्षे परदेशी प्रवास, प्रशिक्षक, डॉक्टर, आणि बहुतेक आठवड्यांना पहिल्याच फेरीत पराभव. हे सारे एका कुटुंबाने सोसावयाचे. आपण मांडव मोठा घातला, पंगत थाटात वाढली, पण घरच्या मुलांना जेवावयास बसण्याची पात्रता यावी, यासाठी जो रोजचा स्वयंपाक लागतो तो मात्र घराघरांवर सोपवला. वर्षातून एक आठवडा जगाला बोलावणे, आणि उरलेले एकावन्न आठवडे आपल्या मुलांना खेळावयास कोर्ट देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला प्रायोजक मिळतो.

तरीही मांडव वाया गेला, असे मी म्हणणार नाही. नुंगमबाक्कमच्या स्टेडियमवर २०२२ साली महिलांची जागतिक मालिकेतली स्पर्धा भरली आणि सतरा वर्षांची लिंडा फ्रुह्विर्तोवा ती जिंकून गेली. घर रिकामे राहिले असते तर ती आली नसती. आमच्या बालेवाडीतही मोठी स्पर्धा गेल्यावर २०२४च्या फेब्रुवारीत त्याहून खालच्या पायरीची, चॅलेंजर म्हणतात तशी स्पर्धा झाली. मोनॅकोचा वॅलेंटिन वाशेरो नावाचा खेळाडू तिथे जिंकला. पुढच्या वर्षी, २०२५च्या ऑक्टोबरात, जगात २०४वा क्रमांक असलेल्या याच वाशेरोने शांघायची हजार गुणांची स्पर्धा जिंकली आणि सारे टेनिसजग अवाक् झाले. बालेवाडीच्या कोर्टावर जिंकलेल्या माणसाचे नाव दीड वर्षात जगाच्या तोंडी झाले.

वळ्ळुवर कोट्टमचा दगडी रथ जागचा हलणार नाही. त्याला ओढणारे हात लागतच नाहीत. स्पर्धेचा रथ लाकडी चाकांचा. ज्याच्या हातात दोर, त्याच्या गावी तो जाणार, आणि कधी काळी पुन्हा आपल्याही वेशीशी येणार. तो आला म्हणजे आपण फुले उधळावयास जाऊच. पण मधल्या काळात बाजूच्या कोर्टावर जी मुले सर्व्हिसचा सराव करीत आहेत, त्यांचे चेंडू गोळा करावयास कोणी उभे आहे ना, तेवढे पाहिले पाहिजे.